बंदीच्या दोन महिन्यांत डेटाबेस हलवताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या काळात आमच्या संस्थेच्या डिझेल पंपावर चिटपाखरू नसतं. बोटी वर ओढलेल्या, जाळी डागडुजीला काढलेली, पावतीबुकं कपाटात. २०२५ साली हीच संधी साधून आम्ही संस्थेचा डेटाबेस जुन्या विंडोज पीसीवरून उचलला आणि लिनक्स या विनाशुल्क ऑपरेटिंग सिस्टिमवर, डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) नेऊन बसवला. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. करून संस्थेत हिशेब बघते आणि 'संगणकाचं तू बघ' म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलंय. या विषयावर वाचायला गेले तर एकतर मोठ्या कंपन्यांतल्या लोकांसाठी लिहिलेलं सापडायचं, नाहीतर पाच कमांड देऊन मोकळं होणारं. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या ऑफिसात हे करताना मध्ये काय काय आडवं येतं, ते कुणी सांगत नव्हतं.

संस्था दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरची, मच्छीमारांची. सभासदांना डिझेल आणि बर्फ पुरवायचं, कर्जाचे हप्ते बघायचे आणि डिझेलवरच्या कराच्या परताव्याचे दावे करायचे, एवढा व्याप. यातला परतावा सगळ्यांत नाजूक. कुठल्या नौकेनं कुठल्या तारखेला किती लिटर उचललं, ते मंजूर कोट्यात बसतं का, याच्या याद्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे जातात. तारीख चुकली की दावा परत, आणि दावा परत आला की सभासद थेट ऑफिसच्या दारात. त्यामुळे डेटाबेसला हात लावायचा म्हटलं की कार्यकारिणीत सगळे गप्प व्हायचे.

हात लावणं भाग होतं. आमचं सॉफ्टवेअर चालायचं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसच्या एक्सप्रेस, म्हणजे फुकट, आवृत्तीवर. तिचा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपला. खाली विंडोज १०, त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५. पीसी इतका जुना की विंडोज ११ त्याला चढत नाही. मे महिन्यात सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, तर नवा सर्व्हर, नवं विंडोज आणि बसवणूक धरून त्यानं ७८,००० चा अंदाज दिला. चेअरमन नाना म्हणाले, "बाय, एवढ्यात इंजिनाचं काम होतं."

मग मी सॉफ्टवेअरवाल्याला सरळ विचारलं, सर्व्हर विंडोजवरच हवा का? तो म्हणाला, आमच्या प्रोग्रॅमला एसक्यूएल सर्व्हर मिळाल्याशी मतलब, तो कशावर चालतोय ते त्याला कळतही नाही. काउंटरवरचे दोन पीसी आधीच विंडोज ११ चे होते, प्रोग्रॅम तिथेच चालणार होता. हलवायचा होता तो फक्त मागचा डेटाबेस.

एसक्यूएल सर्व्हर २०१७ च्या आवृत्तीपासून लिनक्सवर चालतो. २०२२ ची आवृत्ती थेट बसवायची तर रेड हॅट, सुसे नाहीतर उबुंटू या प्रकारचं लिनक्स लागतं. माझा हात बसलाय डेबियन या प्रकारावर. कंटेनर घेतला की ही अडचण राहत नाही, कारण आतलं सगळं इमेजमध्येच (कंटेनरचा तयार साचा) बांधून येतं. खरं सांगायचं तर मला कंटेनर आवडला तो रंगीत तालमीसाठी. उभा करा, बिघडवा, पुसा, पुन्हा उभा करा, मशीन जसंच्या तसं. पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी हे फुकट डेटाबेस का नाहीत, असं पुतण्यानं विचारलं. नव्यानं सुरुवात असती तर तेच घेतलं असतं. पण दुसऱ्यानं लिहिलेलं सॉफ्टवेअर चालवायचं, तर डेटाबेस त्याच्याच पसंतीचा घ्यावा लागतो.

७ जूनच्या मासिक सभेत ठराव झाला. तीन दरपत्रकं लागतात. ती दापोली, खेड आणि चिपळूणहून मागवली. वापरलेला पण वॉरंटीचा मिनी पीसी, ८ जीबी रॅम आणि एसएसडीसह, १५,८००. बॅकअपसाठी बाहेरून जोडायची एसएसडी ३,२००. यूपीएस ४,६००. एकूण २३,६००, जीएसटीच्या बिलासह. चेकवर दोन सह्या लागतात आणि सेक्रेटरी मुलीकडे मुंबईला गेलेले, त्यात आठवडा गेला. मशीन हातात पडलं २० जूनला. ठरावात एक ओळ आठवणीनं घालून घ्या: 'डेटाबेस प्रणाली विनाशुल्क एक्सप्रेस आवृत्तीत वापरण्यात येईल.' ती का, ते पुढे येईलच.

डेबियन १२ आणि डॉकर बसवायला एक संध्याकाळ पुरली. इमेज उतरवताना मात्र पावसानं फायबर आडवी केली आणि मोबाइलला जेमतेम एक काडी. एसक्यूएल सर्व्हरची इमेज चांगली जड असते, त्यामुळे मी लॅपटॉप घेऊन दापोलीला मावशीकडे गेले. तिथे इमेज उतरवली, 'डॉकर सेव्ह'नं तिची एक फाइल केली, पेनड्राइव्हवर घातली आणि ऑफिसात येऊन 'डॉकर लोड' केलं. ज्यांच्या गावात नेट असं लहरी आहे त्यांनी हा मार्ग लक्षात ठेवावा. इमेज घेताना 'लेटेस्ट' टॅग (आवृत्तीची खूण) टाळा, अपडेटचा नेमका क्रमांक असलेला टॅग घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर तीच कमांड दिली की वेगळंच काहीतरी उतरेल.

कंटेनर पहिल्यांदा सुरू करताना काही गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून, म्हणजे कमांडसोबतच नाव आणि किंमत अशा जोडीनं, द्याव्या लागतात. परवाना मान्य आहे, ही एक. 'एसए' या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड, ही दुसरी. तिसरी आवृत्तीची, आणि ती बऱ्याच लेखांत नसतेच. काही न सांगता सुरू केलं तर डेव्हलपर आवृत्ती चालू होते. तीही फुकट, सगळ्या सोयींची, पण रोजच्या प्रत्यक्ष कामासाठी वापरायला परवानगी नसलेली. संस्थेच्या व्यवहाराला एक्सप्रेसच सांगावी लागते. २०२२ च्या एक्सप्रेसला मर्यादा आहेत, एका डेटाबेसला १० जीबी वगैरे. आमच्या इतक्या वर्षांच्या पावत्या एक जीबीही भरत नाहीत.

पासवर्ड किमान आठ अक्षरी हवा आणि त्यात मोठी लिपी, छोटी लिपी, अंक, चिन्हं यांपैकी तीन प्रकार हवेत. नियमात बसला नाही तर कंटेनर सुरू होऊन लगेच बंद पडतो आणि चालू कंटेनरांची यादी देणाऱ्या 'डॉकर पीएस'मध्ये काहीच दिसत नाही. घाबरू नका. बंद पडलेलेही दाखवणारा पर्याय देऊन कंटेनरचं नाव बघा आणि 'डॉकर लॉग्ज' वाचा, कारण तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. डॉलरचं चिन्ह असलेला पासवर्ड दुहेरी अवतरणात दिला तर शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याचा भलताच अर्थ लावतं. एकेरी अवतरण द्यावं. हा पासवर्ड कंटेनरची माहिती दाखवणाऱ्या 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये उघडा दिसतो, म्हणून सर्व्हर उभा राहिला की आत जाऊन लगेच बदलून टाकायचा.

रॅमचंही तसंच. दोन जीबीपेक्षा कमी दिसली तर सर्व्हर सुरूच व्हायला नकार देतो. कोपऱ्यातला जुना डबा यासाठी काढणार असाल तर आधी रॅम मोजा.

मग व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरला बाहेरून जोडलेली साठवणीची जागा. सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे. सर्व्हरच्या फायली कंटेनरच्या आत 'व्हार/ऑप्ट/एमएसएसक्यूएल' या जागी असतात. ती जागा बाहेरच्या डिस्कशी जोडली नाही, तर कंटेनर पुसला की डेटाही गेला. मी होस्टवरचा, म्हणजे मिनी पीसीवरचा, एक फोल्डर जोडला. आतला सर्व्हर रूट (सगळे हक्क असलेला वापरकर्ता) म्हणून चालत नाही, १०००१ क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो. फोल्डरची मालकी त्या क्रमांकाला दिलेली नसेल, तर 'परमिशन डिनाइड' म्हणत तो तिथेच थांबतो. डॉकर स्वतः सांभाळतो ते, नाव दिलेलं व्हॉल्यूम वापरलं तर ही कटकट नाही, पण मला फायली कुठे आहेत ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

नानांना हे पटवायचं होतं. त्यांच्यासमोर एक टेबल तयार केलं, त्यात तीन नौकांची नावं घातली, कंटेनर थांबवून पुसून टाकला, त्याच फोल्डरवर नवा उभा केला आणि तीच तीन नावं काढून दाखवली. म्हटलं, नाना, कंटेनर म्हणजे आपला क्रेट. फुटला तर दुसरा. मासळी वेगळी ठेवलीय. त्यावर ते म्हणाले, "मग मासळीला बर्फ कोण घालणार ते सांग." म्हणजे बॅकअप. प्रश्न बरोबर होता.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हापासून ऑफिसात दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायची शिस्त लागली. पण त्यातला एकही आजवर कुणी उघडून पाहिलेला नव्हता. २८ जूनला ताजा बॅकअप घेतला आणि नव्या कंटेनरमध्ये रिस्टोअर करायला बसले. जुन्या फायलींचे पत्ते सी ड्राइव्हचे, लिनक्सवर सी ड्राइव्ह कुठला? म्हणून आधी बॅकअपमध्ये कुठल्या फायली आहेत त्याची यादी काढायची आणि रिस्टोअर करताना 'मूव्ह' लावून प्रत्येक फाइलला नवा पत्ता द्यायचा. यादी बघितली तर डेटाची फाइल ९०० एमबी आणि लॉगची, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदींची, ६ जीबी. रिकव्हरी मॉडेल (लॉग कधीपर्यंत राखायचा याचा नियम) 'फुल' आणि लॉगचा बॅकअप कधीच नाही, म्हणजे लॉग वर्षानुवर्षं फुगत गेलेला. आम्ही रात्रीचा पूर्ण बॅकअप घेणार, मिनिटामिनिटाला मागे जाण्याची गरज नाही, म्हणून मॉडेल 'सिंपल' केलं आणि लॉग एकदाच आवळला. बँक किंवा पतसंस्था असेल तर असं करू नका.

जुन्या आवृत्तीचा बॅकअप नवीत चढतो, नवीतला जुनीत उतरत नाही. म्हणून जुना पीसी शेवटपर्यंत जसाच्या तसा ठेवला. रिस्टोअरनंतर डेटाबेस धड आहे का ते तपासणारं 'डीबीसीसी चेकडीबी' चालवलं. एकही चूक निघाली नाही तेव्हा जीव भांड्यात पडला.

यानंतर जुलै अर्धा गेला तो प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांची ओळख करून देण्यात.

पहिलं लॉगिन. लॉगिन सर्व्हरच्या 'मास्टर' या मुख्य डेटाबेसमध्ये राहतात, वापरकर्ते डेटाबेसमध्ये. डेटाबेस नव्या सर्व्हरवर आला की वापरकर्ते पोरके होतात. नावं दिसतात पण आत शिरता येत नाही. त्याच नावाचं नवं लॉगिन करून 'ऑल्टर यूजर'नं दोघांची गाठ मारली की काम होतं. त्यातून कळलं की आपला प्रोग्रॅम थेट 'एसए' वापरतोय. मर्यादित हक्कांचं लॉगिन वापरायला सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं. 'आज करतो, उद्या करतो' यात दोन आठवडे गेले.

दुसरा पत्ता. जुन्या पीसीवर पत्ता 'पीसीचं नाव, तिरकी रेघ, एसक्यूएलएक्सप्रेस' असा होता. लिनक्सवर असा नाव दिलेला सर्व्हर (इन्स्टन्स) नसतो, आयपी पत्ता आणि पोर्ट (मशीनच्या दाराचा क्रमांक) १४३३ द्यावा लागतो. या दोहोंच्या मध्ये स्वल्पविराम. कोलन नाही, स्वल्पविराम. फोनवर हे सॉफ्टवेअरवाल्याच्या मुलाला समजावताना माझा घसा बसला. राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी कायमचा बांधून टाका.

पोर्ट उघडताना एक सावधगिरी. यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या साधनानं फायरवॉल लावली म्हणून निश्चिंत होऊ नका. डॉकर आपले पोर्ट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची मूळ नियमयादी) स्वतःच मांडतो आणि यूएफडब्ल्यूच्या नियमांना बगल देतो. म्हणून पोर्ट जाहीर करतानाच पुढे त्या मशीनचा ऑफिसच्या नेटवर्कवरचा आयपी जोडला, म्हणजे तो सगळ्या वाटांवर ऐकत बसत नाही.

तिसरं कोलेशन, म्हणजे अक्षरं कशी जुळवायची आणि कुठल्या क्रमानं लावायची याचा नियम. डेटाबेस आपला नियम बरोबर घेऊन येतो, पण तात्पुरती टेबलं सर्व्हरच्या नियमानं बनतात. जुन्या आणि नव्या सर्व्हरचे नियम वेगळे होते. पावती छापली जायची, महिन्याचा गोषवारा काढला की 'कोलेशन कॉन्फ्लिक्ट' म्हणून लाल अक्षरं. सर्व्हरचं कोलेशन पहिल्याच सुरुवातीला द्यावं लागतं. जुन्या सर्व्हरचं नाव विचारून घेतलं, ते व्हेरिएबलमध्ये घातलं, रिकाम्या फोल्डरवर नवा कंटेनर उभा केला आणि पुन्हा रिस्टोअर. विंडोजवर सगळं नव्यानं बसवण्यात दिवस गेला असता. इथे चहा निवायच्या आत झालं.

मराठीबद्दल थोडं सविस्तर सांगते. जुन्या रकान्यांतली सभासदांची नावं फॉन्टवाल्या मराठीत आहेत. कमांडवर बघितली तर रोमन अक्षरांचा काला दिसतो, रिपोर्टवर तो फॉन्ट लागला की नीट. ती जशीच्या तशी आली, त्यांना हात लावला नाही. नवे रकाने 'एनव्हारकॅर', युनिकोडचे. त्यांत हातानं काही घालायचं तर अवतरणाआधी 'एन' हे अक्षर लावावंच लागतं. मुद्दाम न लावता 'एकविरा' हे नाव घालून पाहिलं. आत गेली सहा प्रश्नचिन्हं. डोळ्यांना अक्षरं चारच दिसतात, पण वेलांटी आणि काना यांचीही वेगळी मोजणी होते, म्हणून सहा. एकदा प्रश्नचिन्हं झाली की मूळ नाव परत मिळत नाही. त्यामुळे रिस्टोअरनंतर टेबलात प्रश्नचिन्हं शोधणारी एक क्वेरी जरूर चालवा.

आणि वेळ. कंटेनरच्या आतलं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पावतीवर तारीख सर्व्हरची पडते. आमच्याकडे डिझेल भरायला बोटी पहाटे येतात. १ ऑगस्टच्या पहाटे चारची पावती सर्व्हरनं ३१ जुलै, रात्री साडेदहा अशी लिहिली असती. म्हणजे बंदीच्या काळात डिझेल उचलल्याची नोंद, आणि तीही परताव्याच्या यादीत! चाचणीच्या पावत्या फाडताना मी वेळेचा रकाना ताडून पाहत होते म्हणून दिसलं. उपाय एका ओळीचा: 'टीझेड' या व्हेरिएबलमध्ये आशिया/कोलकाता द्यायचं आणि कंटेनर त्याच फोल्डरवर नव्यानं उभा करायचा.

एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकानं काम करणारा एजंट नसतो, बॅकअप दाबून लहान करायची सोयही नसते. दोन्ही कामं लिनक्सच्या गळ्यात घातली. रात्री साडेअकराला क्रॉन (लिनक्सचा वेळापत्रक सांभाळणारा) उठतो, 'डॉकर एक्झेक'नं कंटेनरमधल्या 'एसक्यूएलसीएमडी'ला (सर्व्हरला कमांड देणारं साधन) बॅकअप घ्यायला लावतो, 'चेकसम' या बिघाड पकडणाऱ्या तपासणीसह. मग जीझिपनं दाबून लहान करून बाहेरच्या एसएसडीवर. जुन्या लेखांतला 'एसक्यूएलसीएमडी'चा पत्ता नव्या इमेजमध्ये चालत नाही. फोल्डरच्या नावात १८ असतं, आणि सर्व्हरचं स्वतःचंच प्रमाणपत्र मान्य करायला मोठ्या लिपीतला 'सी' हा पर्याय द्यावा लागतो. शनिवारी एक प्रत सेक्रेटरींच्या घरी जाते. महिन्यातून एकदा दुसऱ्या पोर्टवर तात्पुरता कंटेनर उभा करून ताजा बॅकअप त्यात रिस्टोअर करते, बेरजा ताडते आणि पुसते. नानांच्या बर्फाच्या प्रश्नाला माझं उत्तर हे.

विजेचं आमच्याकडे सांगायलाच नको. यूपीएस वीसेक मिनिटं तग धरतो. कंटेनरला 'अनलेस-स्टॉप्ड' हे रिस्टार्ट धोरण दिलंय. पण मशीनच बंद पडलं तर धोरण काय करणार? म्हणून बायोसमध्ये वीज आली की आपोआप सुरू होण्याचा पर्यायही चालू केला. 'डॉकर स्टॉप' दहा सेकंद वाट बघतं आणि मग कंटेनर मारून टाकतं. ती मुदत मी एक मिनिट केली.

२६ जुलैला, शनिवारी, काउंटर बंद झाल्यावर शेवटचा बॅकअप घेतला. त्याच क्षणी जुना डेटाबेस 'रीड ओन्ली' केला, म्हणजे चुकूनही कुणी तिथे पावती फाडणार नाही. रविवारी रिस्टोअर. मग प्रत्येक टेबलच्या ओळी, सभासदांच्या येण्याबाकीची बेरीज आणि मागच्या तिमाहीचे लिटर दोन्हीकडे काढून कागदावर शेजारी शेजारी लिहिले. सेक्रेटरींची सही घेतली. असा सही केलेला कागद नंतर फार उपयोगी पडतो.

१ ऑगस्टला पहाटे साडेतीनला पंपावर गेले. पहिली पावती ३:५२ ची निघाली, तारीख १ ऑगस्ट. त्या सकाळी प्रोग्रॅम एकदाच अडला, आणि तो प्रिंटरचा कागद संपल्यामुळे.

गणपतीच्या आधी लेखापरीक्षक आले. 'हे मायक्रोसॉफ्टचं आहे, मग परवान्याचं बिल कुठे?' हा त्यांचा पहिला प्रश्न. सर्व्हरला आवृत्ती विचारणाऱ्या क्वेरीचं उत्तर छापून ठेवलं होतं, त्यावर एक्सप्रेस असं स्पष्ट होतं. सोबत ठरावाची नक्कल. दोन्ही फायलीला लावून ते पुढे गेले. मिनी पीसी, एसएसडी आणि यूपीएस डेड स्टॉक रजिस्टरला चढले. जुन्या पीसीचं निर्लेखन करायला वेगळा ठराव लागतो. तो होईपर्यंत हार्डडिस्क काढून संस्थेच्या तिजोरीत ठेवलीय आणि रिकामा डबा बर्फाच्या गोदामाशेजारच्या खोलीत, लेबल लावून.